आगीतून उरलेलं

मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत जाताना फाटकावरच काडेपेटी काढून द्यावी लागे. आप्पांची, म्हणजे माझ्या आजोबांची, सगळी नोकरी तिथे आग विझवणाऱ्यांच्या तुकडीत झाली. कुवेतचं पहिलं तेल जून 1946 मध्ये याच किनाऱ्यावरून बोटीवर चढलं. आप्पा तिथे गेले ते पन्नासच्या दशकात, पगार अजून रुपयांत मिळत होता तेव्हा. पुढे फहाहीलच्या घरी शुक्रवारची जेवणं आटोपली, की आम्हा नातवंडांना आगीच्या गोष्टी ऐकायला मिळायच्या. तेलाच्या आगीबद्दल ते अगदी निर्धास्त बोलत. "फेसाखाली हवा कोंडली की ती मरते. फिल्मची आग मरत नाही."

हे ज्ञान त्यांना रिफायनरीत मिळालेलं नव्हतं, वडिलांकडून आलं होतं. पणजोबा नाशिककडच्या एका फिरत्या सिनेमाच्या तंबूत हरकाम्या होते. बैलगाडीत फिल्मच्या पेट्या चढवायच्या, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि मुक्कामापर्यंत गाडीवानाला विडी पेटवू द्यायची नाही, हे त्यांचं काम. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. जळायला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी ती जळत राहते.

अशाच पेट्यांतून दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गावोगाव गेला. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लागला, त्या खेळाचं वर्णन पणजोबा असं करत, की जणू पहिल्या रांगेत तेच बसले होते. त्यांनी तो पाहिला होता तंबूत, पुष्कळ वर्षांनी. पण तारामतीचं काम हॉटेलात नोकरी करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी केलं, हे सांगताना त्यांना अजूनही हसू फुटायचं म्हणे. आणि दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचं नाव ते नेहमी दादासाहेबांच्या आधी घेत. दिवसभर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा आणि रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायची. ती भोकं नीट पडली नाहीत तर फिल्म यंत्रातून सरकणारच नाही, हे तंबूत काम केलेल्या माणसाला सांगावं लागत नव्हतं.

1931 मध्ये बोलपट आला आणि मुकी फिल्म अडगळ झाली. चांदी काढण्यासाठी ती भंगारात जाऊ लागली. उरलेली डब्यात चिकट होऊन शेवटी भुकटी झाली. 1944 मध्ये दादासाहेब नाशिकला वारले, तोवर त्यांचे बहुतेक चित्रपट नुसते नावापुरते राहिले होते. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथले पी. के. नायर फाळके कुटुंबापर्यंत पोचले. दादासाहेबांच्या 'कालिया मर्दन'चे सुटे तुकडे हाती आले आणि त्यांच्याच टिपणांच्या आधाराने ते क्रमाने लावले गेले. आज त्यात प्रथम दिसते ती छोटी मंदाकिनी फाळके. ती कॅमेऱ्यासमोर एकामागून एक चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो.

2003 च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. आप्पा तेव्हा नाशिकला परतले होते. वर्तमानपत्र दोनदा वाचून त्यांनी एवढंच विचारलं, "प्रती काढल्या होत्या ना?" बऱ्याचशा काढलेल्या होत्या.

पुढे एकदा मी त्यांना कॉम्प्युटरवर 'राजा हरिश्चंद्र' दाखवला. चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं उरलं आहे. शिवाय ही रिळं 1913 ची नसून फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा केलेल्या 'हरिश्चंद्र'ची असावीत, असं काही जाणकारांचं मत आहे. हे सांगताना मी जरा चाचरत होते. म्हाताऱ्याला वाईट वाटेल, पहिलावहिला म्हणून बघत होते तो दुसराच निघाला.

आप्पांना मुळीच वाईट वाटलं नाही. "मीनाला प्रत्येक पंपाशेजारी एक जादा पंप असायचा," ते म्हणाले. "नवीन माणूस विचारायचा, हा कशाला उगीच? पहिला बंद पडला, की मग कळायचं त्याला. फाळक्यांनी पुन्हा केला म्हणून तर तू मला दाखवतेयस!"