घड्याळ श्वास मोजतं म्हणजे नेमकं काय मोजतं?

मागच्या पावसाळ्यात मोखाड्याजवळ ताईच्या घरी गेलो होतो. आठ महिन्यांच्या भाच्याला खोकला होता आणि श्वासही भरभर चाललेला. ताई म्हणाली, "अरे, तुझ्या घड्याळात श्वास दिसतात ना? बघ बरं त्याचे." मी घड्याळ काढून त्याच्या मनगटाला गुंडाळलं. थोड्या वेळाने आकडा आला, २२. मला हायसं वाटलं. तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांनी झबलं वर केलं, मोबाईलवर मिनिट लावलं आणि पोटाकडे बघत मोजत राहिल्या. "चोपन्न. दवाखान्यात न्या, आत्ताच."

मला वाटत होतं की घड्याळ श्वास 'बघतं'. तसं नाहीये. बहुतेक स्पोर्ट्स वॉच श्वासाला हातही लावत नाहीत, ती नाडीवरून अंदाज बांधतात.

घड्याळ उलटं करून बघा, हिरवे दिवे लुकलुकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि सेन्सरला ठोका कळतो. आता गंमत बघा. आपण श्वास आत घेतो तेव्हा ठोके जरा जवळजवळ पडतात, सोडतो तेव्हा लांबतात. मनगटावर बोट ठेवून पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर असं करून बघा, तरुण माणसाला हा फरक बहुतेक वेळा बोटालाही जाणवतो. याला रेस्पिरेटरी सायनस अ‍ॅरिदमिया म्हणतात. नाव आजारासारखं असलं तरी हा आजार नाही. ठोक्यांमधलं अंतर असं वर-खाली होताना त्याच्या किती लाटा येतात, तेवढे श्वास, हा घड्याळाचा हिशोब. अ‍ॅपल वॉच वेगळं करतं, ते झोपेत श्वासाबरोबर होणारी बारीक हालचाल पकडतं.

छातीला बांधायचा पट्टा, म्हणजे पोलर एच१० वगैरे, प्रकाश वापरतच नाही. तो हृदयाचे विद्युत संकेत घेतो, त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर जास्त नेमकं मिळतं. पळणाऱ्यांनी श्वासाच्या आकड्यासाठी पैसे घालायचेच असतील तर माझ्या मते महागड्या घड्याळाआधी पट्ट्यावर घालावेत.

जव्हारला हनुमान पॉइंटवर शांत बसून मी स्वतःचे श्वास मोजले, १४. घड्याळ म्हणालं १५. छान! मग चढ पळत गेलो तर आकडा कधी भलतीकडे उडाला, कधी नुसती रेघ आली. कारण जोरात पळताना ठोक्यांमधला तो फरकच जवळजवळ सपाट होतो, वर हात हलतो, पट्टा घामाने सरकतो. बोलताना, गाताना श्वासाची लय मोडते तेव्हाही हिशोब फसतो. (आमच्याकडचे तारपा वाजवणारे गालात हवा धरून नाकाने श्वास घेतात, सूर तुटू देत नाहीत. त्यांच्या हाताला घड्याळ बांधून बघायची माझी फार इच्छा आहे.)

अजून एक मर्यादा गणिताची. एक श्वास ओळखायला निदान दोन ठोके लागतात. म्हणजे नाडी ६० असेल तर ३० च्या वरचे श्वास या पद्धतीला दिसूच शकत नाहीत.

मग विश्वास कधी ठेवायचा? झोपेतल्या आकड्यावर. हात स्थिर असतो, श्वास एका लयीत चालतो. मोठ्या माणसाचे आरामात मिनिटाला १२ ते २० श्वास धरतात. पण एका रात्रीपेक्षा तुमचा नेहमीचा आकडा महत्त्वाचा. नेहमी १४ असणारा लागोपाठ दोन-तीन रात्री १९ दिसला आणि अंगात कणकण असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

लहान बाळाला मात्र घड्याळ बांधूच नका. मनगट एवढंसं, पट्टा सैल, आणि आतला हिशोब मोठ्यांसाठी बसवलेला. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, कपडा वर करून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, बाळांचा श्वास एकसारखा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. खोकल्याबरोबर असं असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध पीत नसेल तर आकड्याची वाट न बघता १०८ ला फोन करा. जव्हार-मोखाड्यात कुपोषण जुनं आहे, आणि अशक्त बाळाला न्यूमोनिया जास्त धोक्याचा असतो.

यासाठी गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दायांकरता एक साधं यंत्र बनवलं होतं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर श्वास जलद. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, मोठे आकडे मोजता येण्याचीही गरज नाही.

भाच्याला न्यूमोनियाच निघाला. औषधं वेळेत सुरू झाली, आठवड्याभरात तो रांगायला लागला. त्या दिवसांत ताई रोज सकाळ-संध्याकाळ त्याचे श्वास मोजायची आणि मी शेजारी बसून माझ्या घड्याळात मिनिट झालं की सांगायचो.