आडवा फिरणारा आरसा

कॅमेरे दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. उघडून पाहिलेल्यांत ऑलिंपसच्या पेन एफइतका विचारपूर्वक बांधलेला कॅमेरा मला दुसरा भेटला नाही. तो १९६३ साली जपानमध्ये निघाला. घडवणारे होते योशिहिसा मैतानी.

मैतानी १९५६ मध्ये ऑलिंपसमध्ये लागले. सहा हजार येनांत विकता येईल असा कॅमेरा त्यांना काढायचा होता. स्वस्त कॅमेऱ्यात पहिली काटछाट लेन्समध्ये होते. मैतानी स्वतः लायका वापरणारे. त्यांनी आधी उत्तम लेन्स ठरवली आणि उरलेल्या पैशांत बाकीचा कॅमेरा बसवला. १९५९ चा हा पहिला पेन ३५ मिलिमीटरच्या रोलवर निम्म्या आकाराची, १८ बाय २४ मिलिमीटरची फ्रेम टिपायचा. छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो! रोलचे पैसे मोजून खर्चणाऱ्या घरांना आणखी काय हवं होतं? पेन मालिकेचे सुमारे १ कोटी ७० लाख कॅमेरे खपले.

त्या पेनची लेन्स मात्र बदलता येत नव्हती. ती बदलता यावी म्हणून पेन एफ एसएलआर केला, म्हणजे लेन्समधून येणारं दृश्यच आरशावरून डोळ्याला दाखवणारा कॅमेरा. पण एसएलआर म्हटला की वर उडणारा आरसा आणि माथ्यावर प्रिझमचा उंचवटा. मैतानींनी पेन एफमध्ये हे दोन्ही टाळलं. त्याची फ्रेम उभी, म्हणजे रुंदीला कमी. म्हणून आरशाची बिजागरी त्यांनी बाजूला लावली. तो दारासारखा आडवा फिरतो. प्रकाश आधी बाजूला जातो, मग प्रिझममधून वळत डोळ्यापर्यंत पोचतो. माथा सपाट राहिला. शटरही पडद्याचं नाही, टायटॅनियमची फिरती चकती आहे. त्यामुळे १/५०० सेकंदालाही फ्लॅश जुळतो. त्या काळच्या कापडी पडद्याच्या शटरना हे जमत नव्हतं. लेन्स २० पासून ८०० मिलिमीटरपर्यंत मिळायच्या. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याला एवढा पसारा देणं मला आजही धाडसाचं वाटतं.

पुढे अर्ध्या फ्रेमचे दिवस सरले. निगेटिव्ह लहान, मोठा प्रिंट काढला की दाणे दिसायचे.

मग डिजिटलचा काळ आला. ऑगस्ट २००८ मध्ये ऑलिंपस आणि पॅनासॉनिकने मायक्रो फोर थर्ड्स ही लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांची प्रणाली जाहीर केली. आरसाच काढला, तेव्हा लेन्सचा माउंट आणि सेन्सर यांतलं अंतर आधीच्या आरशाच्या फोर थर्ड्स कॅमेऱ्यांच्या मानाने जवळपास निम्मं, सुमारे २० मिलिमीटर झालं. पहिला कॅमेरा पॅनासॉनिकचा जी१. पण आरसा नसूनही त्याने डीएसएलआरचाच उंचवटा मिरवला. माझ्या मते लोकांच्या मनात भरला तो जून २००९ मध्ये जाहीर झालेला ऑलिंपसचा ई-पी१. त्याला पुन्हा पेन हेच नाव दिलं होतं. चंदेरी आणि पांढरा, सपाट माथ्याचा. त्यात फ्लॅश नव्हता. तो पुढच्या वर्षी आलेल्या ई-पीएल१ मध्ये बसवला आणि किंमतही खाली आणली. मोठ्या कॅमेऱ्याचं ओझं नको, पण छोट्या डिजिटलपेक्षा चांगला फोटो हवा, अशा माणसांसाठी लेन्स बदलण्याची सोय इथे सोपी झाली. ई-पी१ बाजारात आला त्याच जुलैत, ३० तारखेला, मैतानी वारले.

पेन एफची जुनी ३८ मिलिमीटर एफ १.८ लेन्स अडॅप्टर लावून मी या नव्या कॅमेऱ्यांवर बसवून देतो. फोकस हाताने करावा लागतो. पण ती लेन्स १८ बाय २४ च्या फ्रेमसाठी घडवलेली आणि सेन्सर १७.३ बाय १३ चा, त्यामुळे कोपरे काळे पडत नाहीत.