चाकांवरचं घर: कोणाला पाहुणचार, कोणाला हुसकावणं

चाकांवरचं घर म्हटलं की आपल्याला घिसाड्यांची बैलगाडी आठवते. गाडीतच भांडीकुंडी, गोधड्या, लेकरं आणि भाता. गावाबाहेर थांबायचं, विळ्या-खुरप्यांना धार लावून द्यायची आणि पुढच्या गावी निघायचं. आता शहरातले लोक सुट्टीला चाकांवरचं घर घेऊन येऊ लागलेत. तिला कॅराव्हॅन म्हणतात. आत पलंग, ओटा, संडास, सगळं. आपल्या राज्य सरकारनं २०२१ साली अशा पर्यटनासाठी धोरणही आणलं. म्हणून आज आपण या गाडीचा इतिहास पाहू.

ही कल्पना मुळात फिरस्त्यांची. इंग्लंडमधले रोमानी लोक एकोणिसाव्या शतकात घोड्यानं ओढायच्या लाकडी घरगाड्यांत राहायचे. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेलेले. त्यांच्या बोलीत आजही पाण्याला ‘पानी’ म्हणतात. सुगीला शेतावर तोडणी करायची, टोपल्या विणायच्या, असं त्यांचं पोट चाले. कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे बायका दारोदार विकायच्या.

अशीच गाडी हौसेसाठी पहिल्यांदा बनवून घेतली डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनी. ते आरमारातले निवृत्त डॉक्टर, मुलांसाठी गोष्टी लिहिणारे. १८८५ च्या उन्हाळ्यात ते दोन घोडे जोडून दक्षिण इंग्लंडहून स्कॉटलंडच्या उत्तरेला इन्व्हर्नेसपर्यंत गेले. सुमारे १,३०० मैलांचा प्रवास. सोबत गाडीवान होता आणि तीनचाकी सायकलीवरून पुढे जाऊन रस्ता मोकळा आहे का ते बघणारा नोकरही. मुक्काम खेड्यापाड्यांत. पुढे १९०७ साली अशा हौशी लोकांचा क्लब निघाला. पहिल्या महायुद्धानंतर घोडा गेला आणि मोटारीमागे जोडायची गाडी आली.

आता खरी गोष्ट ऐका. १९६० साली तिथं कॅराव्हॅनचा कायदा झाला. मान्यताप्राप्त क्लबच्या प्रमाणपत्रावर शेतकऱ्याला आपल्या रानात पाच गाड्यांपर्यंत उतरवता येऊ लागल्या, सरकारी परवान्याशिवाय. छोट्या शेतकऱ्याला जोडधंदा मिळाला. पण त्याच कायद्यानं गावच्या सामाईक माळावर गाड्या उभ्या करायला बंदी घालायचा अधिकारही दिला. पिढ्यान्‌पिढ्या तिथं उतरणारे रोमानी रस्त्यावर आले. १९६८ साली त्यांना जागा देणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक झालं आणि १९९४ साली ते बंधनही काढून टाकलं. घर दोघांचंही चाकांवर. एकाला या म्हणायचं, दुसऱ्याला निघा.

आपल्याकडे काय वेगळं झालं? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींच्या लेकरांवर जन्मतःच चोर म्हणून शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली, ३१ ऑगस्टला सुटला. माणसांच्या मनातला शिक्का मात्र अजून पुसलेला नाही. गावात काही हरवलं की पहिलं बोट पालाकडे जातं.

कॅराव्हॅनवाले आपल्या गावाला आले तर चांगलंच आहे. आपल्या गटाची भाकरी-पिठलं, पापड, शेंगदाण्याची चटणी विकली जाईल. पण आधी ग्रामसभेत बसून आपण बायकांनी चार गोष्टी विचारायला हव्यात. त्या गाड्यांना पाणी कुठलं देणार, आणि उन्हाळ्यात आपल्या हंड्याचं काय? संडासाची घाण कुठं रिकामी होणार? जागेचं भाडं ग्रामपंचायतीत जमा होणार की एकाच्याच खिशात? आणि चौथी गोष्ट सगळ्यात मोठी. ज्या माळावर पाहुण्यांसाठी नळ आणि दिवा बसेल, त्याच माळावर दरवर्षी पाल टाकणाऱ्या बाईला त्या नळावर हंडा भरू देणार का?

याचं उत्तर आपल्याच हातात आहे, सख्यांनो. पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.