धाव, टायर आणि पेलण्याचा आकडा

गाडी किती ओढते हे सगळेच विचारतात. गाडीचे चाक किती पेलते, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. हा फरक जुन्या माणसांना बरोबर ठाऊक होता. आपल्या भाषेतच पाहा ना. माणसे बसवायची ती दमणी, थोडाफार माल न्यायचा तो छकडा, आणि दगड-लाकूड वाहायचे तो खटारा. गाडीचे नाव घेतले की तिच्यावर काय लादायचे आणि काय नाही, हे वेगळे सांगावे लागत नसे. आज हेच काम टायरच्या कडेवर कोरलेला एक आकडा करतो. पण तो वाचतो कोण?

आमच्या शिरूर-दौंड भागात आता वस्तीगणिक एक तरी पिकअप उभी दिसते. दूध, कांदा, चारा, शेळ्या, मांडवाचे सामान, सगळे तिच्यावर. नात्यातल्या एका मुलाने नुकतीच जुनी पिकअप घेतली आणि मला विचारले, "मामा, दुकानदार म्हणतो जास्त प्लायचे टायर टाका, मग कितीही भरा. टाकू का?" मी इतिहासाचा मास्तर, मेकॅनिक नव्हे. पण या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो आपल्या गावातून गेलेला आहे, म्हणून हे लिहायला घेतले.

लाकडी चाकाला लोखंडी पट्टी असे, तिला धाव म्हणतात. लोहार आणि सुतार मिळून ती बसवत. गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल करायची, फुगलेली असतानाच चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. थंड होताना ती आवळते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळे घट्ट धरून ठेवते. धाव किती रुंद, किती जाड, हे माल आणि वाट पाहून ठरे. अरुंद धाव कडक रस्त्यावर हलकी चाले, पण काळ्या रानात सुरीसारखी रुतत जाई. रुंद धाव रुतत नसे, पण चाक जड होई. वाटेप्रमाणे चाक निवडायचे, हे शास्त्र असे जुने आहे.

१८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात जमीन मोजणीचे काम सुरू केले, हे शाळेत शिकवलेले अनेकांना आठवत असेल. त्याच मोजणी खात्यातल्या लेफ्टनंट गेसफर्ड यांनी टेंभुर्णीला सुधारलेल्या बैलगाड्या बनवून घेतल्या. तोवरच्या गाड्या इतक्या बोजड असत की बहुतेक माल बैलांच्या पाठीवरूनच जाई. चाक सुधारले, मागून रस्ते सुधारले आणि शेतकऱ्याचा माल बाजाराला पोचू लागला. सारा कसा ठरला ते आपण शिकवतो, चाक कसे बदलले ते शिकवत नाही. असो.

हवा भरलेल्या चाकाचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली घेतले, पण ते चालले नाही. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच कल्पना नव्याने शोधली आणि ती जगभर गेली. डनलॉपचा आपल्याकडचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला निघाला. बैलगाडीसाठी खास टायर निघाले. उत्तरेत काही भागांत अशा गाडीला नुसते 'डनलप'च म्हणतात. आपण म्हणतो टायरगाडी.

दौंड आणि शिरूर हा भीमा-घोडच्या काठचा ऊसपट्टा. पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा या कारखान्यांच्या वाटेवर टायरगाड्यांच्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. लाकडी चाकाच्या गाडीत टनभर ऊस जाई, टायरगाडीत दोन-अडीच टन भरू लागले. रबरी चाक हलके चालते, बैलांचे कष्ट कमी होतील, हा मूळ हेतू. झाले उलटेच! चाक हलके झाले म्हणून ओझे दुप्पट झाले, आणि चढावर गुडघे टेकले ते बैलांनी. गंमत अशी की सरकारलाही हे कळले होते. ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली जे नियम झाले, त्यांत गाडीला हवेचे टायर आहेत की नाहीत, यावरून ओझ्याची मर्यादा वेगवेगळी ठरवली आहे. म्हणजे चाकावरून भार ठरवणे कायद्यात आले, वापरात आले नाही.

पुढे इंजिन आले. पुण्याच्या बजाज टेम्पोची तीनचाकी, मग १९६९ पासून मॅटाडोर, १९८६ मध्ये टाटा ४०७, १९८८ मध्ये टाटामोबाइल ही पिकअप. आमच्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचेही नाव इथे घ्यायलाच हवे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या आश्रमाने जीपचे जुने भाग वापरून 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर तयार केला. यंत्राचा बैल! नावातच सगळे आले.

आता दुकानदाराच्या 'प्लाय'कडे येऊ. प्लाय म्हणजे टायरच्या पोटातले दोऱ्याच्या कापडाचे थर. पूर्वी दोरा सुती असे आणि आठ प्लाय म्हणजे खरोखर आठ थर. मग रेयॉन आले, नायलॉन आले, पोलाद आले. आज आठ प्लायच्या टायरात आठ थर नसतातही. आठ सुती थरांइतके बळ, एवढाच त्याचा अर्थ. १९५७ मध्ये नवे पैसे आले, पण आपण अजून 'सोळा आणे खरे' म्हणतो, तसेच हे. नाणे गेले, आकडा राहिला.

म्हणून टायरच्या कडेवर मापाच्या शेवटी असलेला दुसरा आकडा पाहावा. त्याला भारांक म्हणू. हे किलो नव्हेत, खुणेचे आकडे आहेत. १०० म्हणजे एका टायरने ८०० किलो पेलायचे, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२०, १२१ म्हणजे १,४५०. '११२/११०' असे दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी आणि दुसरा मागे जोडचाके असतील तर. आणि हे सारे टायरात ठरलेली हवा असेल तरच खरे.

एक हिशेब मांडून पाहू. रिकामी पिकअप १,७०० किलो, परवानगीचा माल १,३०० किलो, एकूण ३,०००. भरल्यावर मागच्या चाकांवर साधारण पासष्ट टक्के, म्हणजे १,९५० किलो. एका चाकाला ९७५. इथे १०८ चे टायर जेमतेम पुरतात, ११२ चे घेतले तर थोडी सवड राहते. खड्डेखुड्डे असलेल्या वाटेला ही सवड हवीच. आता १,३०० किलो म्हणजे पन्नास किलोच्या सव्वीस गोण्या. कुणी चाळीस भरल्या तर? वरचे सातशे किलो बहुतेक मागेच बसतात. एका चाकावर साडेबाराशेच्या पुढे भार जातो आणि ११२ चे टायरही अपुरे पडतात. टायर जास्त लवतो, लवून तापतो आणि उन्हाळ्यात भर रस्त्यात फुटतो.

मग १२१ चे टाकावेत? टायर टिकतील, पण आख, पाटे आणि ब्रेक तेच राहतात. जाड धाव बसवून आख मजबूत होत नाही, हे आमच्या लोहाराला ठाऊक होते. शिवाय जास्त भाराचा टायर त्याच्या जास्त हवेवरच तेवढा भार पेलतो. रिकाम्या गाडीत तो धोंड्यासारखा आपटतो.

रस्ता सोडून रानात जाणाऱ्याने आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पाबळ-केंदूरकडच्या मुरमाड माळावर टोकदार दगड आणि बाभळीचे काटे, तिथे जाड कडेचा, जास्त प्लायचा टायर खरोखर उपयोगी पडतो. भीमेच्या वाळूत मात्र हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि गाडी निघते, जुन्या रुंद धावेसारखीच. पण हवा कमी केली की पेलण्याची ताकदही कमी होते. म्हणून आधी माल उतरवावा, हळू चालवावे आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरावी. पावसाळ्यात काळ्या रानात तर नक्षी खोल असल्याशिवाय जाऊच नये. चिखल भरला की कसलाही टायर गुळगुळीतच.

शेवटी एक जड गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप चढावर मागे येऊन दरीत कोसळली. श्रावणी सोमवार होता. अनेकींचे प्राण गेले. टायरमुळे झाले असे मी म्हणत नाही. पण मालाच्या गाडीत माणसे दाटीने बसवायची आणि चढ आला की देवाचे नाव घ्यायचे, ही सवय आपल्या सगळ्या गावांची आहे. दमणी वेगळी आणि खटारा वेगळा, हे ज्या भाषेने आपल्याला शिकवले, ती भाषा आपण बोलतो. तिचे ऐकत नाही.

भाच्याला मी एवढेच सांगितले. कंपनीने सांगितलेल्या मापाचे, सांगितला त्याहून कमी नाही अशा भारांकाचे टायर घे. महिन्यातून दोनदा हवा पाहा, तीही टायर थंड असताना. आणि गोण्या टायर बघून नको, गाडीचे कागद बघून मोज. बैल निदान गुडघे टेकून सांगायचा. टायर फुटेपर्यंत काहीच बोलत नाही.