दुबईत भाड्यासाठी फ्लॅट घेताना : कायदा आणि हिशेब

जुन्नर तालुक्यातल्या घाटघरजवळ, नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण आहे. पूर्वी व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. घाट ओलांडायचा तर नाक्यावर हिशेब द्यायचा. आज परदेशात घर घ्यायचं तर तो नाका म्हणजे आपली बँक.

व्याज नको, भाडं मात्र हलाल, म्हणून आपल्यातली बरीच कुटुंबं दुबईतल्या फ्लॅटचा विचार करतात. त्यांच्यासाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

पैसा पाठवणे : भारतात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. त्यासाठी इथल्या बँकेचं कर्ज चालत नाही. वर्षात १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. तो रिटर्न भरताना वळता होतो. हवालाचा रस्ता धरू नका.

परत आलेले : आखातात राहत असताना, तिथल्या कमाईतून घेतलेलं घर भारतात परतल्यावरही ठेवता येतं. फेमा कायद्याचं कलम ६(४) तशी मुभा देतं.

तिथला कायदा : २००६ च्या कायद्याने परदेशी माणसाला दुबईच्या ठराविक भागांतच मालकी मिळते. बांधकाम चालू असेल तर हप्ता प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच भरा, एजंटाच्या हातात नाही. भाडं मनाला येईल तसं वाढवता येत नाही. २०१३ च्या हुकुमाने वाढ जास्तीत जास्त २० टक्के.

हिशेब : समजा, फ्लॅट १० लाख दिरहमचा. नोंदणी ४ टक्के आणि दलाली २ टक्के धरली की खर्च १०,६०,०००. वर्षाचं भाडं ७०,००० धरू. त्यातून इमारतीचा देखभाल खर्च १५,०००, व्यवस्थापनाचे ३,५०० आणि एक महिना घर रिकामं राहिलं तर ५,८०० वजा करा. उरले ४५,७००, म्हणजे साधारण ४.३ टक्के. जाहिरातीत मात्र ७ टक्के दिसतात!

इथला कर : भारतातल्या रहिवाशाने हे घर आणि भाडं दोन्ही रिटर्नमध्ये दाखवायलाच हवं. घर लपवलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो.

कागदपत्रं कुठे आहेत, हे घरातल्या बायकामुलांनाही माहीत असू द्या. उद्या वारसांना त्याचीच गरज पडेल.