दोन शंकू आणि एक पट्टा

गिअरच्या पायऱ्या नसलेल्या गिअरबॉक्सची, म्हणजे सीव्हीटीची, वंशावळ सांगणारे बहुतेक जण लिओनार्दो दा विंचीपासून सुरुवात करतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याने असं काहीतरी रेखाटलं होतं म्हणे. पण यंत्रांच्या कुठल्या कुळाचा मूळपुरुष लिओनार्दो नसतो? या कागदावरच्या पूर्वजाला नमस्कार करून आपण सरळ सॉ मिलमध्ये जाऊ.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कोलंबस नावाचं गाव आहे. तिथल्या मिल्टन रीव्ह्जला करवतीचा वेग हवा तसा कमी-जास्त करायचा होता. १८७९ च्या सुमारास त्याने काढलेली युक्ती आजच्या सीव्हीटीतही जशीच्या तशी आहे. पुली अखंड नसते. दोन शंकू निमुळत्या बाजूंनी समोरासमोर बसवलेले असतात आणि मधल्या खाचेत पट्टा बसतो. शंकू जवळ आले की पट्टा वर सरकतो, म्हणजे पुली मोठी झाल्यासारखी होते. लांब गेले की तो खाली उतरतो आणि पुली लहान होते. दुसऱ्या दांड्यावरची पुली नेमकी याच्या उलट वागते. पहिला, दुसरा, तिसरा असा हिशेबच राहत नाही. १८९६ मध्ये रीव्ह्जने हीच पुली मोटारीला लावली.

इंग्लंडात ती मोटारसायकलवर चढली. झेनिथ कंपनीच्या ‘ग्रॅड्युआ’ गाडीत चालवणारा हाताने पुली उघडायचा-मिटायचा, आणि पट्टा ढिला पडू नये म्हणून त्याबरोबर मागचं चाकही पुढे-मागे सरकायचं. चढाच्या शर्यतींत ही गाडी इतरांना इतकी भारी पडली की तिच्यावर बंदी आली. कंपनीने रडगाणं न गाता त्या बंदीचंच बोधचिन्ह करून टाकलं. जाहिरातीचा यापेक्षा चांगला नमुना मला तरी माहीत नाही. तशाच पट्ट्याच्या ‘रज मल्टी’वर सिरिल पुलिनने १९१४ ची आयल ऑफ मॅनची सीनिअर टीटी शर्यत जिंकली. बंदीचा योग या घराण्याच्या कुंडलीत पुढेही होता. १९९३ मध्ये विल्यम्स संघाने फॉर्म्युला वनच्या गाडीत सीव्हीटी बसवून पाहिला, डेव्हिड कुल्टहार्डने ती चालवली, आणि १९९४ च्या नियमांनी ते दार बंद केलं.

सामान्य माणसाच्या मोटारीत हा पट्टा आणला तो नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनच्या हुब व्हान डोर्नेने. १९२८ मध्ये छोट्या वर्कशॉपपासून सुरुवात करून ट्रेलर आणि ट्रक बनवणाऱ्या ‘डाफ’ कंपनीचा हा संस्थापक. फेब्रुवारी १९५८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात त्याने ‘डाफ ६००’ मांडली. हवेने थंड होणारं ५९० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन पुढे, आणि मागे रबराचे दोन पट्टे, दर चाकाला एक. पुली कधी मिटायची आणि कधी उघडायची हे फिरणारी वजनं आणि इंजिनातली हवेची ओढ मिळून ठरवत. क्लचचं पेडल नाही, गिअर टाकणं नाही. उलट फिरवायची सोय अशी होती की गाडी पुढे जेवढी पळे तेवढीच मागेही पळे. पुढे डच दूरचित्रवाणीवर या गाड्यांच्या उलट्या शर्यती लोकांनी हसत-हसत पाहिल्या. म्हाताऱ्यांची गाडी, बायकांची गाडी अशी तिची टिंगलही झाली. पण पट्टे गाडीखाली उघड्यावर असत. झीज डोळ्यांना दिसे, आणि पट्टा संपला की पट्टा बदलायचा, एवढंच काम.

आपल्याकडे हे रबरी पट्ट्याचं घराणं स्कूटरवरून आलं. ऐंशीच्या दशकात फिरोदियांच्या कायनेटिकने होंडाबरोबर ‘कायनेटिक होंडा’ काढली, तेव्हा रस्त्यावर राज्य होतं मूठ पिळून गिअर टाकायच्या, किक मारायच्या चेतकचं. बटणावर सुरू होणारी, नुसती मूठ पिळली की चालणारी स्कूटर आली आणि पुण्यासारख्या शहरात कितीतरी बायका पहिल्यांदाच स्वतःची गाडी स्वतः चालवू लागल्या. ॲक्टिव्हाच्या डाव्या बाजूचं कव्हर उघडलं की आजही तेच दिसतं: पुढे व्हेरिएटर, म्हणजे उघडमीट होणारी पुली, आणि त्याचे रोलर, मागे क्लच, मध्ये बेल्ट. पिकअप गेला की कोपऱ्यावरचा मेकॅनिक बेल्ट आणि रोलर बदलून संध्याकाळच्या आत गाडी हातात देतो.

मोटारीच्या बाबतीत मात्र घराण्याची वाट बदलली. रबराला मोठ्या इंजिनाची ताकद झेपेना आणि पट्टे जागाही फार खात. म्हणून हुबने म्हातारपणी पोलादी पट्टा मनावर घेतला. १९७२ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी निघाली, तिचा कारखाना टिलबर्गला. हा पट्टा म्हणजे सुमारे ४०० पातळ पोलादी चकत्या, एकीला एक खेटून उभ्या, आणि त्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी कागदासारख्या पातळ पोलादी कड्यांची चळत. गंमत अशी की तो ओढत नाही, ढकलतो. कर्जतहून घाट चढणाऱ्या आगगाडीला मागून जोडलेलं बँकर इंजिन रेटतं तशी एक चकती पुढच्या चकतीला रेटते. पोलाद पोलादावर तेलात फिरतं, तरी घसरायचं नाही. म्हणून तेलाच्या प्रचंड दाबाने शंकू पट्ट्याला चिमटून धरतात. आपला पट्टा मोठ्या संख्येने रस्त्यावर आलेला हुबला पाहायला मिळाला नाही. तो १९७९ मध्ये वारला. सुबारूची ‘जस्टी’ हा पट्टा घेऊन आली १९८७ मध्ये, आणि त्याच काळात युरोपात फोर्ड फिएस्टा आणि फियाट उनो. १९९५ मध्ये टिलबर्गची ती कंपनी बॉशने घेतली.

पोलादाने ताकद दिली, पण दुरुस्ती हिरावून घेतली, हे माझं मत. पट्टा आता बंद पेटीत, तेलात बुडालेला. तो एकदा घसरला की शंकूच्या गुळगुळीत अंगावर ओरखडा उठतो. ओरखड्यातून निघालेला पोलादाचा बारीक चुरा तेलाबरोबर, तेलाचा दाब सांभाळणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीत शिरतो, तिथले व्हॉल्व्ह अडकतात, दाब कमी पडतो आणि पट्टा आणखी घसरतो. चालवणाऱ्याला कळतं ते एवढंच की इंजिन ओरडतंय पण गाडी वेग घेत नाही, सिग्नलवरून निघताना थरथरते, नाहीतर उन्हात घाट चढताना अचानक मरगळते. निसानला तर अमेरिकेत २००३ ते २०१० च्या मॉडेलांच्या सीव्हीटीची वॉरंटी वाढवून १० वर्षं किंवा १ लाख २० हजार मैल करावी लागली होती. टोयोटाने २०१८ मध्ये गाडी जागची हलवण्यापुरता एक साधा गिअर पट्ट्याच्या जोडीला दिला. ज्या गिअरला हाकलण्यासाठी हा सगळा खटाटोप झाला, तोच मदतीला आला!

म्हणून ‘पूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल’ हे वाक्य वर्कशॉपमध्ये इतक्या सहज ऐकू येतं. ते नेहमी खोटं नसतं. शंकूंना ओरखडे असतील तर नुसता पट्टा बदलून भागत नाही, पट्टा आणि दोन्ही पुल्या मिळूनच बदलाव्या लागतात, आणि एवढं उघडून बसवण्याचं कसब, हत्यारं आणि स्वच्छ जागा प्रत्येकाकडे नसते. पण त्या निदानाआधी बऱ्याच पायऱ्या आहेत. तेलाची पातळी ठरलेल्या तापमानाला मोजली का? तेल सीव्हीटीचंच आहे की साध्या ऑटोमॅटिकचं? गिअरबॉक्सच्या तेलाच्या पॅनमधल्या चुंबकांवर नुसती करडी साय आहे की कण बोटाला टोचतात? बारीक कॅमेरा आत घालून पट्ट्याच्या कडा पाहिल्या का? पट्टा शाबूत आणि दोष दाबाचा असेल तर नवी व्हॉल्व्ह बॉडी आणि तिची नोंद कॉम्प्युटरला शिकवणं एवढ्यावर काम निभावू शकतं, आणि खर्चात मोठा फरक पडतो.

‘तेल आयुष्यभराचं आहे’ असं कुणी सांगितलं तर कुणाच्या आयुष्यभराचं ते विचारा. जुनी सीव्हीटी गाडी घेताना तेल बदलल्याचं बिल मागा. आणि गिअरबॉक्स बदलायचाच ठरला, तर ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्या धुऊन किंवा बदलून घ्या आणि ते काम बिलावर लिहून घ्या. जुन्याचा चुरा तिथेच बसलेला असतो आणि तो नव्या पेटीत जातो.