दोन करंडकांची शिदोरी

हरणाऱ्या संघाच्या चाहत्याएवढा मोठा क्रिकेटशास्त्री त्रिभुवनात सापडावयाचा नाही. जिंकणाऱ्यांचा चाहता पेढे वाटतो आणि झोपी जातो; हरणाऱ्यांचा मात्र रात्र जागून काढतो. सोलापूरकरांना ही विद्या वारशानेच मिळाली आहे, कारण आमचा संघ महाराष्ट्राचा. मुंबईचा नव्हे, विदर्भाचाही नव्हे. राज्य एक असले तरी रणजी करंडकाच्या स्पर्धेत त्याच्या तीन वाटण्या आहेत, आणि आमच्या वाटणीला आलेल्या संघाने शेवटचा करंडक जिंकला तो 1940-41 साली. तेव्हापासून आम्ही जागेच आहोत.

जागरणात मनुष्य आरोपी शोधू लागतो. कप्तान, निवड समिती, खेळपट्टी आणि पाऊस यांच्यावर आळीपाळीने खटले चालवून झाले की शेवटी चाहता प्रशिक्षकापाशी येऊन थांबतो. तो ना धावा काढतो, ना बळी घेतो. म्हणून त्याच्यावर आरोप ठेवणे फार सोयीचे. सोय आणि न्याय या गोष्टी मात्र निराळ्या. ऐंशीहून अधिक वर्षांच्या या दुष्काळात शिकवणाऱ्यांचा दोष किती, हे इतिहासालाच विचारलेले बरे.

इतिहास प्रथम सांगतो तो आपल्या सुबत्तेचा काळ. 1939-40 साली महाराष्ट्राने पुण्यात संयुक्त प्रांताचा पराभव करून पहिला करंडक मिळवला आणि पुढच्याच वर्षी मद्रासेस जाऊन मद्रासला नमवून दुसरा. दोन्ही वेळी कप्तान होते प्रोफेसर दिनकर बळवंत देवधर. कॉलेजात संस्कृत शिकवणारा हा गृहस्थ तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता. 1940-41 च्या मोसमात मुंबईने पुण्यात 650 धावांचा डोंगर रचला, तेव्हा या प्रोफेसरांनी स्वतः 246 धावा काढल्या आणि महाराष्ट्राने 675 करून मुंबईला मागे टाकले. त्या संघाला आजच्या अर्थाने प्रशिक्षक नव्हता. त्याची गरजही नव्हती, कारण शिकवणारा माणूस कप्तान म्हणून मैदानातच उभा होता. चुकलेल्या पोराला त्याच षटकात सांगता येत होते. सामना संपून अहवाल लिहीपर्यंत थांबावे लागत नव्हते.

त्याच संघातील विजय हजारे यांची हकीगत शिक्षकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. सांगलीचा हा तरुण बॅट धरायचा ती पुस्तकात न बसणाऱ्या रीतीने. ऑस्ट्रेलियाचे नामांकित फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्याला एका संस्थानिकाच्या आश्रयामुळे लाभले. ग्रिमेट यांनी त्याच्या गोलंदाजीला वळण दिले. पण बॅट धरण्याच्या त्या वेड्यावाकड्या पद्धतीला हात लावू नकोस, असाच सल्ला दिला. पुढे 1939-40 साली हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या. काय शिकवावे हे पुष्कळांना कळते. काय शिकवू नये हे ज्याला कळते तो गुरू. पण हजारे लवकरच बडोद्याच्या संघात गेले, आणि आपण वाढवलेले रोप दुसऱ्याच्या अंगणात फुलताना पाहण्याची सवय महाराष्ट्राला तेव्हापासून लागली.

त्यानंतरचा काळ विक्रमांचा आहे, आणि येथेच खरी मेख आहे. डिसेंबर 1948 मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद 443 धावांवर होते. ब्रॅडमन यांच्या 452 धावांचा जागतिक विक्रम नऊ धावांवर असताना प्रतिपक्षाने सामना सोडून मैदानच सोडले. धावफलकावर महाराष्ट्राच्या 4 बाद 826 धावा होत्या. हा अन्याय मराठी माणूस अद्याप विसरलेला नाही. त्याच मोसमातला दुसरा सामना मात्र आपण सोयिस्करपणे विसरलो आहोत. उपांत्य सामन्यात मुंबई पुण्याला आली. महाराष्ट्राने पहिल्या डावात 407 आणि दुसऱ्या डावात 604 धावा केल्या. एका सामन्यात एक हजार अकरा धावा! आणि तरीही महाराष्ट्र 354 धावांनी हरला, कारण मुंबईने 651 आणि 8 बाद 714 असे दोन डाव उभारले होते.

या एका सामन्यात आमच्या साऱ्या दुखण्याचे निदान आहे. चार दिवसांचा असो वा सात, सामना जिंकण्यासाठी प्रतिपक्षाचे वीस गडी बाद करावे लागतात. आम्ही मात्र पिढ्यान्‌पिढ्या फलंदाज घडवत बसलो. खेळपट्टी फलंदाजाची, सराव फलंदाजाचा, कौतुकही फलंदाजाचे. गोलंदाज म्हणजे जाळ्यात फलंदाजाला चेंडू पुरवणारा गडी, अशीच समजूत. ऑक्टोबर 2016 मध्ये वानखेडे मैदानावर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे याने नाबाद 351 आणि अंकित बावणे याने नाबाद 258 धावा करून 594 धावांची अभंग भागीदारी रचली. रणजी स्पर्धेत तोवर एवढी मोठी भागीदारी दुसरी झाली नव्हती. सामना अनिर्णित राहिला, आणि त्या वर्षी महाराष्ट्र बाद फेरीपर्यंतही पोचला नाही. 1948 चेच पारायण अडुसष्ट वर्षांनी पुन्हा झाले.

संघ अगदीच नादार होता असे मात्र कोणी म्हणू नये. 1970-71 साली अंतिम सामन्यात मुंबईचे गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर असे रथी-महारथी वेस्ट इंडिजमध्ये होते. तरीही सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील उरलेल्या मुंबईने आम्हांला 48 धावांनी हरवले. 1992-93 साली लुधियानात पंजाबने अडवले. 2013-14 साली वानखेडेवर मुंबईला धूळ चारून संघ अंतिम फेरीत गेला आणि हैदराबादेस कर्नाटकाकडून सात गडी राखून पराभूत झाला. त्या मोसमात केदार जाधव याच्या 1223 धावा सर्वांच्या तोंडी होत्या. पण संघाला तेथवर नेण्यात समद फल्ला आणि अनुपम संकलेचा या वेगवान जोडीचा वाटा लहान नव्हता. गोलंदाज लाभले तेव्हाच आपण पुढे गेलो, एवढे तरी चाहत्याने ध्यानी ठेवावे.

आता शेजारच्या घरात डोकावू. विदर्भाचा संघ 1957-58 पासून रणजी खेळतो. साठ वर्षे त्याच्या वाटेला करंडक गेला नाही, आणि आम्ही त्याच्याकडे कनवाळूपणे पाहत होतो. मग चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले. 2017-18 आणि 2018-19 अशी लागोपाठ दोन वर्षे विदर्भ विजेता ठरला. पहिल्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानी या वेगवान गोलंदाजाने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक केली. हेच पंडित पुढे मध्य प्रदेशाकडे गेले आणि 2022 मध्ये त्या संघाने मुंबईला हरवून पहिला रणजी करंडक उचलला. म्हणजे शिक्षकाने फरक पडतो, यात शंका नाही. पण पंडित गेल्यावर 2024-25 मध्ये विदर्भाने पुन्हा करंडक जिंकला, हेही विसरता कामा नये. एका शिक्षकाने लावलेली शिस्त त्याच्या पाठीमागे उरली. आणि त्याच विदर्भाने त्याआधी खापरखेड्याच्या कोळसा खाणीच्या वसाहतीतून उमेश यादव हुडकला होता, हे तर अधिकच बोलके आहे.

येथे सोलापूरचे गाऱ्हाणे सुरू होते. पॉली उम्रीगर 28 मार्च 1926 रोजी सोलापुरात जन्मले. कसोटीत द्विशतक काढणारे ते पहिले भारतीय. 59 कसोट्यांत त्यांनी 3631 धावा केल्या. मात्र शाळकरी वयातच त्यांचे कुटुंब मुंबईस गेले, आणि खेळले ते मुंबई व गुजरातकडून. जिल्ह्यातील मिरे गावची किरण नवगिरे हिने 2022 साली महिलांच्या टी-ट्वेंटी स्पर्धेत नाबाद 162 धावांचा पराक्रम केला तो नागालँडची पाहुणी खेळाडू म्हणून, आणि त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. 2024 च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अर्शीन कुलकर्णी सोलापूरचाच. घडण्यासाठी त्यालाही पुण्याची वाट धरावी लागली. आमच्या मातीत बी उगवते. पण पाणी द्यायला माळी परगावीच शोधावा लागतो.

जानेवारी 2024 मध्ये गड्ड्याच्या जत्रेच्या तोंडावर पार्क मैदानावर महाराष्ट्र आणि मणिपूर यांचा रणजी सामना झाला आणि तो आपण जिंकला. गावाला उत्सव वाटला, आणि वाटावाही. परंतु उत्सव चार दिवसांचा असतो आणि शिक्षण बारा महिन्यांचे. संघाचा मुख्य प्रशिक्षक बदलला की वर्तमानपत्रांत बातमी येते. पण बारा वर्षांच्या पोराच्या हाती नवा चेंडू देऊन त्याला दिवसभर टाकत राहायला शिकवणारा माणूस जिल्ह्याच्या गावी नेमला, तर त्याची बातमी होत नाही. देवधरांच्या काळी ते काम त्यांच्या एकट्याच्या अंगच्या गुणांवर निभावले. आजच्या पसाऱ्यात ते एकट्याने निभावणार नाही.

म्हणून प्रशिक्षकावर डाफरण्याचा आपला जन्मसिद्ध हक्क सोडा, असे आम्ही म्हणत नाही. फक्त डाफरताना पत्ता नीट लिहावा. वीस गडी कोण बाद करणार, आणि त्याला कोणत्या गावी, कोण शिकवतो आहे, हा प्रश्न दर मोसमाच्या आरंभीच विचारला पाहिजे. अखेरीस विचारून उपयोग नाही. प्रोफेसरांनी बांधून दिलेली दोन करंडकांची शिदोरी ऐंशी वर्षे पुरवून पुरवून खाल्ली. आता डबा रिकामा झाला आहे, आणि चूल आपल्यालाच पेटवायची आहे.